सातेरीची सोंड आणि ओव्याचं फूल

मधमाशांना द्यायचं पण हर्बल टॉनिक मिळतं. पेटीवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. पाकिटात पावडर येते, मागे अश्वगंधा ब्राह्मी हळद ओवा मिरी अशी यादी छापलेली, आणि पुढे दावे, की पाकात मिसळून द्या, प्रतिकारशक्ती वाढेल, रोग येणार नाही, माशी हुशार होईल, लांबची फुलं लक्षात ठेवेल. माझ्या काकांकडे असं एक पाकीट होतं, कुठल्याशा कृषी प्रदर्शनात घेतलेलं, आणि मला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला डेझर्टेशनसाठी विषय हवा होता. मी मॅडमना म्हटलं, माशी खरंच हुशार होते का तेवढंच बघू या. कारण रोगाचं बघायचं तर व्हायरसच्या टेस्ट लागतात, त्याला पैसा लागतो, पण माशीला किती आठवतं हे मोजायला स्ट्रॉ, साखर आणि वासाचं एखादं केमिकल एवढ्यावर भागतं. मॅडम हसतील असं वाटलं होतं, त्या लगेच हो म्हणाल्या आणि मग मलाच टेन्शन आलं.

काका मधपाळ आहेत, गाव महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला, कोयनेच्या बाजूला. मांघर, जे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते तिथून फार लांब नाही. काकांच्या सगळ्या पेट्या सातेरीच्या, म्हणजे आपली देशी माशी, एपिस सेराना. डाळिंबाला, सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाण्याला ज्या पेट्या शेतकरी भाड्याने नेऊन ठेवतात त्या बहुतेक मेलिफेराच्या असतात, ती युरोपियन माशी, अंगाने मोठी, स्वभावाने जरा थंड. सातेरी चपळ, घाबरट आणि मानी. पावसाळ्यात खायला कमी पडलं की मेलिफेरा पेटीत बसून उपाशी मरेल पण जागा सोडणार नाही, सातेरी मात्र चंबूगबाळं आवरून सगळीच्या सगळी निघून जाते, सकाळी जाऊन बघावं तर पेटीत नुसती मेणाची पोळी आणि मुंग्या. आणि तिकडचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, जून ते सप्टेंबर माशीला धड बाहेर पडता येत नाही, त्यामुळे साखरपाक द्यावाच लागतो. टॉनिक विकणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं, पाकाचं पातेलं चुलीवर आहेच तर त्यात एक चमचा आमचं पण टाका.

आधी वाचायला घेतलं. वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली की जगभरातली बहुतेक हर्बल उत्पादनं मेलिफेरासाठी आणि त्यातही व्हरोआ नावाच्या गोचिडीसाठी किंवा नोसेमा नावाच्या पोटाच्या रोगासाठी बनलेली आहेत. आता गंमत बघा, व्हरोआ मुळात आपल्या आशियाई माशीचाच परजीवी, तिच्यावरून तो युरोपियन माशीवर गेला आणि तिथे त्याने हाहाकार केला, पण सातेरीने त्याच्याशी कधीचं जुळवून घेतलंय, ती एकमेकींच्या अंगावरून गोचिडी ओढून काढते, आणि व्हरोआची पैदास बहुतेक नर माशांच्या घरांपुरती राहते. म्हणजे काकांच्या पाकिटावर व्हरोआवर गुणकारी असं छापलेलं होतं ते सातेरीच्या पेटीला जवळपास निरुपयोगी. सातेरीला खरा मार बसला तो थाई सॅकब्रूड या व्हायरसचा, १९७६ ला थायलंडमध्ये सापडला, १९७८ ला भारतात ईशान्येकडे, आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत केरळ कर्नाटकाकडे त्याने सातेरीच्या वसाहती साफ केल्या. त्यात अळीचं कातडं पाण्याच्या पिशवीसारखं फुगतं आणि डोकं वर करून ती घरातच मरते, काकांनी ते बघितलेलं आहे, त्या वर्षांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्या व्हायरसचं नाव पाकिटावर कुठेच नव्हतं.

माशीच्या डोक्याबद्दल मात्र वाचण्यासारखं खूप होतं. मेंदू जेमतेम एक घन मिलिमीटर, त्यात साधारण दहा लाख पेशी, आणि तेवढ्यात ती वास, रंग, दिशा, वेळ सगळं साठवते. २०१३ चं एक संशोधन मी बहुतेक सगळ्यांना सांगून पिडलं असेल. कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात अगदी थोडं कॅफीन असतं, ते मिळालेल्या माशांना २४ तासांनी तो वास आठवण्याची शक्यता नुसती साखर मिळालेल्यांच्या तिप्पट होती, तीन दिवसांनी दुप्पट. म्हणजे झाड स्वतःच माशीला असलं काहीतरी पाजतं. पण कॅफीनचं प्रमाण वाढलं की कडू लागतं आणि माशी तोंड फिरवते, झाडं त्या मर्यादेच्या खाली राहतात. आणि २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की कॅफीनवाला पाक प्यायलेल्या माशा पोळ्यावर येऊन, खाणं कुठे आहे ते सांगणारा त्यांचा नाच चौपट करतात, जणू काही फार भारी खजिना सापडलाय, आणि बाकीच्या माशा त्यांचं ऐकून तिकडे धावतात, पाक साधाच असला तरी. म्हणजे आठवण वाढली की पेटीचा फायदाच होईल असं काही नाही, फायदा झाडाचा असू शकतो. हे वाचल्यावर टॉनिककडे बघण्याची माझी नजर बदललीच.

मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये पाकीट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, यात पाच गोष्टी आहेत, काही फरक दिसला तर तू कुणाचं नाव घेणार? म्हणून गट असे ठरले: साधा पाक, पाकीट मिसळलेला पाक, ब्राह्मीचा पाक, आणि ओव्याचं फूल घातलेला पाक. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, पांढरे खडे, भीमसेनी कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर बरणीत टाकले की आपोआप पाणी होतं आणि अमृतधारा तयार, आजीच्या कपाटात असायचीच. हेच थायमॉल युरोपात व्हरोआसाठी पेटीत ठेवतात, त्यामुळे त्याच्यावर संशोधन पुष्कळ झालंय, आणि त्यातलं काही माशीच्या वासाच्या आठवणीवर थायमॉलचा परिणाम होतो का याच्याबद्दलच आहे. हळद घ्यायची माझी फार इच्छा होती पण तिचा मुख्य घटक पाण्यात विरघळतच नाही, तळाशी बसतो, म्हणून सोडली.

आणि इथे खरी मजा सुरू झाली, कारण थायमॉल पण पाण्यात विरघळत नाही. पाकात टाकलं तर खडे वर तरंगतात, गरम केलं तर तेलाचे थेंब वर येतात आणि अख्ख्या लॅबला सर्दीच्या मलमाचा वास. ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं आणि मग तो थेंब पाकात. पण मग माशीने जे काय केलं ते थायमॉलमुळे की दारूमुळे? अल्कोहोलने माशा पण झिंगतात, त्यांचं शिकणं बिघडतं, हे माहीत असलेलं आहे. म्हणून अजून एक गट वाढला, नुसत्या अल्कोहोलचा पाक, तेवढ्याच थेंबाचा. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आगं माशीला दारू पाजायला शिकीवतंय का तुमचं कालेज?"

पाकिटाच्या पावडरीचं वेगळंच. पाक साखर आणि पाणी समसमान वजनाचा केला, कोमट असताना पावडर घातली, ढवळली, सुती फडक्यातून गाळली नाही कारण पाकिटावर गाळा असं लिहिलेलं नव्हतं. तासाभरात सगळी पावडर भांड्याच्या बुडाशी चिखलासारखी बसली आणि वर स्वच्छ पाक. माशी वरचं पिते. म्हणजे जी पेटी चार दिवस टॉनिक पितेय असं आपण समजतो ती नुसता किंचित रंगाचा साखरपाक पितेय, आणि खालचा गाळ पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो. आंबलेला पाक माशीच्या पोटाला वाईट, हगवण लागते, पेटीच्या दारावर आणि माशा उतरतात त्या फळीवर पिवळसर ठिपके पडतात. मधपाळ लोक गुळाचं पाणी देऊ नका म्हणतात तेही बरंचसं याचसाठी, की त्यात जे न पचणारं असतं ते पोटात साठतं, आणि पावसाने बाहेर जाऊन विष्ठा टाकता येत नाही. काकांनी ज्या पेटीला हे टॉनिक दिलं होतं तिच्या दारावर तसे ठिपके होते आणि ते म्हणत होते औषध "लागू पडतंय".

माशा कुठून आणायच्या हा पुढचा प्रश्न. गटाप्रमाणे खायला घालायचं म्हणजे सगळ्या एकाच वयाच्या हव्यात, म्हणून काकांकडून बंद कोषांच्या पोळ्याची एक चौकट घेतली, त्यावरच्या दाई माशा झटकून परत पेटीत पाडल्या, चौकट फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि बाजूला गरम पाण्याची बाटली, कारण कोषांना ३३ ते ३५ अंश लागतं, थंडी लागली की माशी वाकड्या पंखांची निघते किंवा निघतच नाही. एसटीत कंडक्टरने विचारलं खोक्यात काय आहे, मी म्हटलं कॉलेजचं सामान. खोटं नव्हतं ते. लॅबमध्ये इन्क्युबेटरमध्ये चौकट ठेवली आणि दुसऱ्या दिवशीपासून माशा बाहेर यायला लागल्या, फिकट, राखाडी, लव असलेल्या, नुसत्या चालणाऱ्या, उडता येत नाही आणि डंख पण मारता येत नाही त्यांना, हातावर घेता येतात. ज्याने कधी बघितलं नाही त्याने बघावं, मेणाचं झाकण आतून कुरतडून आधी दोन मिशा बाहेर येतात, मग तोंड, मग ती थांबते आणि शेजारीण जाताना तिच्या डोक्यावर पाय देऊन जाते.

जाळीच्या छोट्या पिंजऱ्यांत त्यांना गटागटाने ठेवलं, वरून सिरिंजमधून पाक, आणि परागाचा गोळा सगळ्यांना सारखा. पिंजऱ्यांवर नंबर माझ्या मैत्रिणीने टाकले, कुठला गट कुठला हे मला कळू नये म्हणून, म्हणजे ब्लाइंड पद्धत. पण ओव्याच्या फुलाचा पिंजरा उघडला की दाराशीच कळायचं, त्यामुळे त्या एका गटापुरतं ब्लाइंड वगैरे विसरा.

आता मुख्य परीक्षा. माशीच्या मिशीला साखरेचं पाणी लागलं की ती सोंड बाहेर काढते, आपोआप, आपण ठरवून पापणी मिटत नाही तसंच. याच सवयीवर हा प्रयोग उभा आहे, जपानमध्ये १९६१ मध्ये पहिल्यांदा केला गेला आणि पुढे जगभर. माशीला एक वास द्यायचा, वास चालू असतानाच मिशीला साखर लावायची, सोंड बाहेर आली की एक थेंब प्यायला द्यायचा. असं दोन-तीनदा केलं की चौथ्या वेळी साखर न लावता नुसत्या वासावर सोंड बाहेर येते, म्हणजे ती शिकली. मग तासाने बघायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं, आठवतंय का.

ऐकायला सोपं. त्यासाठी माशीला आधी बांधावं लागतं. काचेच्या नळीत पकडून नळी बर्फात उभी केली की दोन-तीन मिनिटांत ती निपचित पडते, जास्त ठेवली तर मरते, कमी ठेवली तर हातात असतानाच जागी होते आणि मग तुमचं नशीब. तेवढ्या वेळात तिला स्ट्रॉच्या तुकड्यात सरकवायचं, डोकं बाहेर, आणि मानेमागून टेपची बारीक पट्टी लावायची, डोकं आणि छातीच्या मधल्या फटीत, मिशा आणि सोंड मोकळी राहतील अशी. रिसर्च पेपरमध्ये ज्या मापाच्या नळ्या लिहिलेल्या असतात त्या मेलिफेरासाठी, सातेरी त्यात फिरून पाठमोरी होते किंवा सरळ खालून निसटून खिडकीवर जाऊन बसते. शहाळ्याची स्ट्रॉ जाड पडली. ज्यूसच्या छोट्या खोक्याला चिकटवलेली असते ती बारीक स्ट्रॉ बरोबर बसली, पण २०२२ च्या प्लास्टिकबंदीनंतर त्या पण कागदी झाल्यात, आणि बांधलेल्या माशा रात्रभर ओलसर डब्यात ठेवायच्या असतात, सुकू नयेत म्हणून, तर सकाळी कागदाचा लगदा आणि माशा टेबलाखाली. शेवटी मायक्रोपिपेटच्या, म्हणजे लॅबमध्ये थेंब मोजायच्या साधनाच्या, प्लास्टिकच्या टिप कापून वापरल्या. हे कुठल्याच पेपरच्या पद्धती-विभागात लिहिलेलं नसतं आणि माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले.

वासासाठी हेक्झॅनॉल घेतलं, ताज्या कापलेल्या गवतासारखा वास येतो. लवंगेचं तेल सगळे वापरतात, स्वस्त पडतं, पण मॅडम नको म्हणाल्या, कारण आमचे निम्मे गट आधीच वासाचं काहीतरी पीत होते, आणि ज्या माशीने आठवडाभर ओव्याच्या वासाचा पाक प्यायलाय तिला मसाल्याच्या जवळपासचा कुठलाही वास म्हणजे जेवण वाटू शकतं, मग ती शिकलीय की तिला आधीच माहिती होतं हे कसं सांगणार. फिश टँकचा हवेचा पंप, त्याला सिरिंज, सिरिंजमध्ये वासाचा फिल्टर पेपर, आणि माशीच्या मागे कम्प्युटरचा जुना पंखा वास ओढून न्यायला. आधी नुसती हवा, मग वास, वास चालू असताना तिसऱ्या सेकंदाला साखरेची काडी मिशीला. मग ती माशी बाजूला, पुढची समोर, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पहिली.

पहिल्यांदा नुसत्या वासावर सोंड आली ना, मी ओरडलेच. भिंगाखाली बघताना सगळं दिसतं. सोंड हनुवटीखाली घडी घालून ठेवलेली असते, तपकिरी, चकचकीत. वास आला तशी माशीने दोन्ही मिशा पुढे वळवल्या, वासाच्या दिशेला, जबडे किंचित उघडले, आणि घडी उलगडत सोंड सरळ खाली आली, टोकाची केसाळ जीभ आत-बाहेर, हवेतच चाटायला लागली. साखर नव्हती तिथे. तिला वाटत होतं आता येईल. मैत्रीण मागून म्हणाली लिहून ठेव आधी, नाहीतर दहा मिनिटं होतील.

निकालाचं सांगते, आकडे देत नाही कारण नमुना छोटा होता, एका पेटीच्या एका राणीच्या माशा, आणि त्यावरून कोणी दुकान काढू नये. ब्राह्मी गटाच्या आणि साध्या पाकाच्या माशांच्या शिकण्यात किंवा दुसऱ्या दिवशीच्या आठवणीत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. नुसत्या अल्कोहोलच्या एवढ्याशा थेंबाने पण काही झालं नाही, ते बरं झालं. पाकिटाच्या गटात पण फरक नाही, आणि गाळ बघितल्यावर ते अपेक्षितच होतं. ओव्याच्या फुलाच्या गटात मात्र सोंड कमी वेळा येत होती, शिकतानाही आणि दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं झालं, सापडलं, थायमॉलने आठवण बिघडते, डेझर्टेशनला हेडिंग मिळालं.

मॅडमनी विचारलं, "तिला आठवत नाहीये की खायचंच नाहीये?"

हा प्रश्न मला वाटतं या सगळ्या विषयाचं मूळ आहे. सोंड बाहेर येणं म्हणजे आठवण आणि भूक दोन्ही. माशीला भूक नसेल, पोट बिघडलेलं असेल, गोडाची चवच तिला कमी लागत असेल, तर तिला वास कितीही आठवला तरी ती सोंड काढणार नाही. त्याच्यासाठी वेगळी चाचणी आहे, वास वगैरे काही नाही, मिशीला फक्त साखरेचं पाणी लावत जायचं, ०.१ टक्क्यापासून ०.३, १, ३, १० असं वाढवत ३० टक्क्यांपर्यंत, आणि कुठल्या प्रमाणाला ती सोंड काढते ते बघायचं. काही माशा अगदी फिक्क्या पाण्याला पण काढतात, काही ३० टक्क्यांशिवाय हलत नाहीत, आणि ज्या फिक्क्याला काढतात त्या सहसा शिकतातही लवकर. ओव्याच्या गटातल्या माशा बऱ्याचशा घट्ट पाकालाच सोंड काढत होत्या. पिंजऱ्यातली सिरिंज बघितली तर पाक पण त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी प्यायलेला, वास नको असल्यासारख्या पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जमलेल्या. म्हणजे आठवण गेली असं छातीठोक म्हणता येत नाही, त्यांची गोडाची ओढ कमी झाली एवढं म्हणता येतं. हेडिंग गेलं माझं.

आणि हेच उलटं पण लागू आहे, ते जास्त महत्त्वाचं. एखाद्या टॉनिकने माशांनी जास्त सोंडा काढल्या तर टॉनिकवाला म्हणणार बुद्धी वाढली, पण त्या जास्त भुकेल्या असतील, किंवा टॉनिकवाल्या पेट्यांना त्या निमित्ताने पाक वेळेवर आणि जास्त मिळत असेल. गावाकडे हेच होतं. टॉनिक आणलंय तर देऊ या म्हणून माणूस दर चार दिवसांनी पाक देतो, एरवी पंधरा दिवस विसरतो, आणि पेटी सुधारली की श्रेय पावडरला. ज्याला खरंच बघायचंय त्याने अर्ध्या पेट्यांना त्याच दिवशी तेवढाच साधा पाक द्यावा, मग बोलावं. मला भेटलेल्या एकाही विक्रेत्याने हे केलेलं नव्हतं, एकाने तर मला विचारलं की साधा पाक देऊन काय कळणार?

एक गोष्ट मला प्रयोगाच्या बाहेर, कडेकडेने दिसली. एकदा परागाचा गोळा संपला होता आणि नवीन येईपर्यंत सगळ्याच पिंजऱ्यांना नुसत्या पाकावर राहावं लागलं. त्या खेपेच्या माशा कुठल्याही गटातल्या असोत, लवकर मरायला लागल्या आणि ज्या उरल्या त्या मठ्ठ. नंतर शोधताना इस्रायलमधलं २०१५ चं काम वाचलं, की ज्या माशांच्या खाण्यात ओमेगा-३ कमी पडतं त्यांचं शिकणं वाईट होतं, आणि हे ओमेगा-३ येतं परागातून, ते पण सगळ्या झाडांच्या परागात सारखं नसतं, निलगिरीच्या परागात कमी असतं. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, अमेरिकेत दाखवलं होतं की पराग आणि मधात असलेलं पी-कूमारिक आम्ल माशीच्या शरीरातली विष पचवणारी यंत्रणा जागी करतं, नुसत्या साखरेत ते नसतं. म्हणजे माशीचा काढा फुलातच असतो. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि बहराच्या वर्षी कारवी, हे सगळं ती स्वतः मिसळून घेते, कुणी चमच्याने द्यायची गरज नाही, पावसाळ्यात तिला कमी पडतो तो पराग.

परागाला पर्याय म्हणून सोयाबीनचं पीठ, यीस्ट आणि पिठीसाखर यांची लापशीवजा पोळी करून चौकटींवर ठेवतात. मेलिफेरा खाते. सातेरी नाक मुरडते, काकांच्या पेट्यांनी पहिल्या पोळ्या कोरड्या होऊन जाईपर्यंत शिवल्या नाहीत, मग त्यात त्यांच्याच पोळ्यातला थोडा साठवलेला पराग कालवला तेव्हा कुठे खायला लागल्या. नीम तेलाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून मध्येच सांगते, पेटीत नको. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी नाही, नीममधला अझाडिरॅक्टिन कीटकांच्या अळ्यांची वाढच बिघडवतो, आणि पेटीत अळ्याच असतात.

व्हायवा ठीक झाला. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की पिंजऱ्यातल्या माशीवरून पेटीबद्दल काय सांगता येतं, मी म्हटलं फारसं नाही, पिंजऱ्यात राणी नाही, अळ्या नाहीत, नाच नाही, उडून परत घरी यायचं नाही, आणि खरी हुशारी परत घरी येण्यातच असते. त्यासाठी पाठीवर रंगाचा ठिपका देऊन माशा लांब नेऊन सोडायच्या आणि दारात बसून किती परत आल्या मोजायचं असतं. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये थायामेथॉक्झाम या कीटकनाशकाचा परिणाम असाच, फक्त रंगाऐवजी पाठीवर चिप चिकटवून, मोजला होता, माशा जागेवर मरत नव्हत्या, घरी पोचत नव्हत्या, आणि पुढे युरोपने २०१८ मध्ये अशा तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला त्यामागे असल्या अभ्यासांचा मोठा वाटा होता.

काकांना निकाल सांगायला गेले तर ते मोहाखाली पेट्यांची मुंगीपात्रं, म्हणजे मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली ठेवतात ती पाण्याची भांडी, साफ करत होते. सगळं ऐकून घेतलं, ओव्याच्या फुलाचं ऐकून मान डोलवली, "व्हय, वास तिला सोसत न्हाय, आमी धूर बी बेतानंच देतो." मग म्हणाले, म्हणजे पाकिटाचे पैशे वाया. मी म्हटलं वाया म्हणजे, साखर आणि सोयाबीन पीठ आलं असतं तेवढ्यात. त्यांनी राहिलेली पावडर फेकली नाही, कोंबड्यांना घातली. पाक आता दिवस ठरवून देतात, कॅलेंडरवर खूण करून, गाळून, आणि एका वेळी पेटी एका रात्रीत पिईल एवढाच.

या पावसाळ्यात माझी एक ज्युनिअर पाठीवरच्या रंगाच्या ठिपक्यांचं काम करतेय, काकांच्याच पेट्यांवर, परागाची पोळी मिळालेल्या आणि न मिळालेल्या. तिला उघडीप मिळेना झालीय, तीन-चार तास सलग पाऊस थांबला तरच माशा सोडता येतात. काल तिचा फोन आला होता, की पांढरा रंग सातेरीच्या पाठीवर टिकत नाही, बाकीच्या माशा चाटून काढतात, काय वापरू. मी नेलपॉलिश नको म्हणून सांगितलंय, त्याचा वास जातच नाही, दुसरं काही सुचलं तर कळवते म्हटलं.